सोलापुरात घरगुती हीट पंप: हवा मानवते, पाणी नाही, आणि ‘गॅस भरून देतो’ तर मुळीच नाही

निकाल आधीच सांगून टाकू, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सोय होईल. हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारा घरगुती हीट पंप सोलापूरच्या हवेला अगदी मानवतो. बोअरच्या पाण्यापुढे तो नाजूक ठरतो. आणि ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ या एका वाक्यावर चालणाऱ्या दुरुस्तीत तो लवकर मरतो. यंत्राला पाचपैकी चार गुण, टाकी आणि पाण्याच्या बाजूला अडीच. नेहमीच्या पद्धतीच्या दुरुस्तीला एक, तोही बोलावल्यावर माणूस येतो म्हणून.

आपल्याकडे रॅकोल्ड, ए. ओ. स्मिथ, व्ही-गार्ड अशा कंपन्यांचे हीट पंप मिळतात. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, घडणीचं आहे, कारण पत्रा काढला की सगळ्यांच्या आत तीच मंडळी बसलेली असतात: गॅस दाबून तापवणारा कॉम्प्रेसर, पंखा, त्यामागची जाळी म्हणजे हवेतली उष्णता घेणारा इव्हॅपोरेटर, गॅसचा दाब पाडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ओल आणि कचरा अडवणारा फिल्टर ड्रायर आणि टाकी. गॅस म्हणजे इथे यंत्रात बंद असलेला, उष्णता वाहून नेणारा गॅस, स्वयंपाकाचा नव्हे. एसी खोलीतली उष्णता गल्लीत फेकतो, हा गल्लीतली उष्णता टाकीत भरतो.

घडणी तीन. पहिली एकसंध: खाली टाकी, डोक्यावर कॉम्प्रेसर-पंखा, आणि गरम गॅसची नळी टाकीला बाहेरून गुंडाळलेली. दुसरी स्प्लिट: युनिट बाहेर, टाकी आत, मध्ये गॅसच्या नळ्या. तिसरीत बाहेरच्या युनिटमध्येच प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांमधून गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) असतो आणि छोटा पंप टाकीतलं पाणी त्यातून फिरवतो. जुनी टाकी वापरता येते म्हणून ही तिसरी स्वस्तात पटवली जाते. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात ती घेऊ नका. कारण पुढे येईलच.

किती लिटरचा?

दुकानात २०० लिटरचं नाव आधी निघतं. जरा थांबून हिशोब करा. चार माणसं, माणशी दोन बादल्या, बादली १८ लिटरची: एकूण १४४ लिटर कोमट पाणी, ४० अंशांचं. टाकीत ५५ अंशांचं आणि नळाला २५ अंशांचं पाणी धरलं तर त्यात टाकीचा वाटा फक्त ७२ लिटर. म्हणजे १०० लिटरची टाकी पुरून उरते. या पाण्यात जाणारी उष्णता साधारण अडीच युनिट. गीझरला वाया जाणारी धरून तीन लागतील, हीट पंपाला एक. रोजची बचत दोन युनिट. आता बिलातल्या तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर घ्या आणि गुणून पाहा. एप्रिल-मे त्यातून वगळा, कारण तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणीच दुपारी अंगावर घेववत नाही. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौकोनी कुटुंबाला लाखाच्या घरातलं यंत्र वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात, हे विक्रेता सांगत नाही.

आठ-दहा माणसांचं एकत्र घर, शॉवर, घराला लागून दवाखाना, वर भाडेकरू अशी स्थिती असेल तर गणित पालटतं. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सात युनिट उष्णता लागते. हीट पंप ती दोन युनिट विजेत देतो. महिन्याला दीडशे युनिट वाचतात, आणि ती वरच्या स्लॅबमधली.

स्वतःची मोकळी गच्ची असेल तर सोलापूरच्या उन्हात सोलर वॉटर हीटर पहिला, हीट पंप दुसरा. गच्चीवर हक्क नसलेला फ्लॅट, किंवा पीएम सूर्यघर योजनेत (ही २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाली) विजेचं सौर पॅनेल बसवलेलं घर, या दोन ठिकाणी मात्र हीट पंपच शोभतो. पॅनेलवाल्यांनी टायमर सकाळी ११ ते दुपारी ३ असा लावावा. मेमध्ये मात्र वेळ सकाळी लवकरची ठेवा. बऱ्याच यंत्रांची हवेच्या तापमानाची कमाल मर्यादा ४३ ते ४५ अंश असते आणि पश्चिमेच्या भिंतीलगत दुपारी ती सहज गाठली जाते. मर्यादा ओलांडली की दाब चढतो, ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि घरात ‘मशीन बिघडलं’ अशी ओरड होते.

पाणी

सोलापुरात उजनीचं पाणी रोज येत नाही. ते पिण्यास्वयंपाकाला साठवायचं आणि आंघोळ-धुणं बोअरवर, ही घरोघरची रीत. बोअर काळ्या खडकातले, पाणी जड. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) पिण्याच्या पाण्यासाठी कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. आपल्या बोअरचा आकडा शेजाऱ्याला विचारून कळत नाही, एकाच गल्लीत दोन बोअर वेगळे निघतात. आणि टीडीएस मीटरने तर नाहीच: तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, कठीणपणा वेगळा काढत नाही. थेंब मोजून रंग बदलेपर्यंत टाकायचं छोटं किट मिळतं, ते घ्या.

जड पाणी तापलं की चुना बाहेर पडतो, आणि ६० अंशांच्या पुढे तो भराभर पडतो. म्हणून सेटिंग ५० ते ५२. आठवड्यातून एकदा ६०च्या वर नेणारं निर्जंतुकीकरणाचं चक्र असतं, ते बंद करू नका, जंतू मारायला ते लागतंच.

एकसंध घडणीत गॅसची नळी टाकीच्या बाहेर असल्यामुळे थर रुंद भिंतीवर पसरतो आणि बरीच वर्षं निभतं. प्लेट एक्स्चेंजरमध्ये दोन पत्र्यांमधली फट एक-दोन मिलिमीटरची. तिथे हाच चुना गळा आवळतो. लक्षण ठरलेलं: टाकी अजून ४० अंशांवर पोचलेली नसते आणि हाय प्रेशरचा एरर येऊन यंत्र थांबतं. मेकॅनिक दाब चढलेला पाहतो, ‘गॅस जास्त झालाय’ म्हणून थोडा सोडून देतो, दोन दिवस चालतं, पुन्हा तेच. गॅस बरोबर होता, चुना जास्त होता.

साफ करायचं असेल तर एक्स्चेंजरचे दोन्ही वॉल्व्ह बंद करा, बादलीत २० लिटर पाण्यात एक किलो लिंबूसत्व विरघळवा आणि कूलरच्या नव्हे, जरा दमदार पंपाने उलट्या दिशेने फिरवा. पाऊण-एक तासात फेस यायचा थांबला की झालं. मग साध्या पाण्याने खळखळून धुवा. फरशीचं किंवा संडासाचं ॲसिड वापरायचा मोह आवरा. त्यातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला सुईसारखी भोकं पाडतो, आणि मग पाणी गॅसच्या बाजूला शिरतं. त्यानंतर दुरुस्तीचा विषयच संपतो.

आता ॲनोड. हा भाग मालकाला माहीत नसतो आणि मेकॅनिक आपणहून काढत नाही. आतून काचेसारखा लेप दिलेल्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमची कांडी टांगलेली असते. लेपाला बारीक तडा गेला तरी गंज आधी तिला खातो, टाकी वाचते. कांडी संपली की टाकीची पाळी. तपासायला एमसीबी खाली करा, थंड पाण्याचा वॉल्व्ह बंद करा, दहा लिटर पाणी काढा आणि षट्कोनी डोकं पान्याने सैल करा. मधली तार उघडी पडली असेल किंवा जाडी निम्म्यावर आली असेल तर बदला. जड, खारट बोअरवर हे वर्षाला एकदा. सॉफ्टनर बसवला म्हणून सुटका नाही. चुना थांबतो, पण मऊ केलेल्या पाण्यात कांडी आणखी लवकर झिजते, तेव्हा सहा महिन्यांनी बघा. टाकी छताला चिकटून बसवली असेल तर मीटरभर लांबीची कांडी वर निघतच नाही. तुकड्या-तुकड्यांची, साखळीसारखी जोडलेली कांडी मिळते ती घ्यावी लागते.

स्टेनलेस स्टीलची टाकी ‘गंजत नाही’ म्हणून जास्त पैशात विकली जाते. गोड्या पाण्यात खरंच नाही गंजत. क्लोराइड भरपूर असलेल्या गरम पाण्यात वेल्डिंगच्या कडेने तिला भेगा जातात. वॉरंटी कार्डावर क्लोराइडची मर्यादा बारीक अक्षरांत असते. पैसे देण्याआधी ती वाचा.

बर्फ दिसला तर

या यंत्राची माहितीपुस्तकं बहुतेक थंड देशांच्या हिशोबाने लिहिलेली. त्यात जाळीवर बर्फ येणं नेहमीचं, यंत्र आपोआप वितळवतं, वगैरे. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही पहाटेचा पारा सहसा दोन अंकी असतो. हवा १५ अंशांवर असली तरी जाळी पाचच्या आसपास राहते. म्हणजे आपल्याकडे बर्फ हा बिघाडच समजायचा.

कारणं तीन. हवा जात नाही, पंखा मंद आहे किंवा गॅस कमी आहे. याच क्रमाने तपासा, कारण पहिलं फुकट आहे, दुसरं शे-दोनशेचं आणि तिसरं हजारांत जातं. मेकॅनिक नेमका उलट क्रमाने येतो.

पूर्व भागात, जिथे टॉवेल-चादरीचे माग चालतात, तिथे हवेत सुताची तूस असते. दोन महिन्यांत जाळीवर चक्क गोधडी जमते. इतर ठिकाणी धूळ, तिला चार महिने पुरतात. एमसीबी बंद करा, वरच्या कार्डावर (यंत्र चालवणाऱ्या सर्किटच्या पट्टीवर) प्लास्टिक टाका, मऊ ब्रश पात्यांच्या दिशेने उभा फिरवा आणि आतून बाहेर साधं पाणी मारा. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने मारलं तर पाती वाकून जाळी कायमची बंद होते. त्याच वेळी पाण्याचा ट्रेही पुसून घ्या. उन्हाळ्यात त्यात थेंबही नसतो, पण जुलै ते सप्टेंबर चांगलं पाणी पडतं आणि तूस अडकलेल्या नळीमुळे ते घरात उतरतं. मग लोक टाकी गळते समजतात.

पंखा फिरतो पण जोर नाही, तर त्याचा छोटा कपॅसिटर. त्यावरचा आकडा आणि मीटरचा आकडा यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बदला. मोजण्याआधी तो डिस्चार्ज करायचा असतो, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मेकॅनिकला फोन करण्याआधी

या यंत्राचा सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे काहीच न बिघडल्यासारखं वाटणं. टाकीत मदतीला दीड-दोन किलोवॅटची, गीझरसारखी विजेची कॉइल असते. कॉम्प्रेसर मेला की कार्ड गुपचूप कॉइल चालू करतं. पाणी गरम येत राहतं, आणि दोन महिन्यांनी बिल आल्यावर कळतं की लाखाचा गीझर चालू होता.

याची परीक्षा घरच्या विजेच्या मीटरवर होते. घरातलं बाकी सगळं बंद करा. मीटरवर एक दिवा लुकलुकतो, शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते लिहिलेलं असतं. ३२०० लिहिलं असेल तर ७०० वॅट खाणारा कॉम्प्रेसर मिनिटाला ३७ वेळा लुकलुकवतो, १५०० वॅटची कॉइल ८० वेळा, दोन्ही मिळून ११७. मिनिटभर मोजलं की आत कोण काम करतंय ते कळलं. क्लॅम्प मीटर असेल तर कॉम्प्रेसरला तीन-साडेतीन अँपिअर, कॉइलला साडेसहा.

पुढची पायरी कार्यक्षमतेची. टाकी थंड असताना, कुणी नळ न उघडता, २०० लिटर पाणी दहा अंशांनी वाढू द्या. तेवढ्याला २.३३ युनिट उष्णता लागते, हा आकडा पाण्याचा आहे, कंपनीचा नाही. मीटर ०.६ ते ०.७ युनिट पुढे गेला तर यंत्र ठणठणीत. १.२ गेला तर जाळी, चुना किंवा गॅस यांपैकी काहीतरी. २.३ च्या आसपास गेला तर कॉइलच सगळं करतेय. दहा अंशांना लागलेला वेळही टिपून ठेवा, चांगल्या यंत्राला तासाच्या आसपास लागतो. हे कागदावर लिहून मेकॅनिकपुढे ठेवलं की त्याचं बोलणं एकदम बदलतं.

तापमान उगाच चुकीचं दिसत असेल तर सेन्सर. तो बहुधा २५ अंशांना १० किलो-ओहमचा असतो, काही कंपन्या वेगळा वापरतात. टाकीवरच्या त्याच्या खिशातून बाहेर काढून ५० अंशांच्या पाण्यात बुडवला की रोध साडेतीन-पावणेचार किलो-ओहमवर यावा. आला तर सेन्सर बरा, खिशातली पेस्ट वाळली आहे.

कार्ड जळालं असेल तर आत पाल आहे का ते आधी बघा. हसू नका. रिलेच्या दोन टोकांवर पाल आडवी झाली की कार्डाचा धूर होतो. वायर आत जाते त्या भोकाला रबराची ग्रोमेट लावणं हा त्यावरचा उपाय.

गेज लावल्यावर

गेज म्हणजे गॅसचा दाब मोजायचं दोन काट्यांचं उपकरण. ते लावणाऱ्याने फक्त डावा, म्हणजे कमी दाबाचा काटा पाहून ‘कमी आहे’ म्हटलं तर त्याला थांबवा. कमी दाब हे लक्षण तीन वेगवेगळ्या रोगांचं आहे.

आर-१३४ए गॅसवर बोलू, घरगुती यंत्रांत तो बऱ्याच ठिकाणी असतो. हवा ३० अंश, यंत्र व्यवस्थित चालू, तर सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या बाजूला, ५६ ते ६८ पीएसआय, म्हणजे गॅस १५ ते २० अंशांना उकळतोय. कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर थर्मामीटर बांधा. ती या उकळबिंदूपेक्षा पाच ते आठ अंश गरम असावी. आता समजा काटा २८ वर आहे, म्हणजे शून्य अंश, आणि परतीची नळी २० अंशांवर: जाळीत गॅस पुरत नाही. गॅस गळलाय किंवा ड्रायर चोंदलाय. ड्रायरच्या दोन्ही बाजूंना हात लावा. पुढची बाजू स्पष्ट गार लागली, घाम सुटलेला दिसला, तर ड्रायर. दोन्ही सारख्या असतील तर गळती. आणि काटा २८ वरच असून नळीसुद्धा पाच-सहा अंशांवर असेल तर गॅस पुरेसा आहे, हवा कमी पडतेय. अशा यंत्रात वर गॅस भरला की द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि त्याच्या आतल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात. धुळीमुळे कॉम्प्रेसर मरतो तो असा, धूळ आणि गॅस भरणारा मिळून.

उजव्या, म्हणजे जास्त दाबाच्या काट्याचं गणितही सोपं आहे. टाकी ५० अंशांवर असताना २०० ते २३० पीएसआय म्हणजे गॅस ५५ ते ६० अंशांना द्रव होतोय, ठीक. टाकी ४५ वर आणि काटा २६० वर, म्हणजे ६५ अंश, तर मध्ये वीस अंशांची भिंत उभी आहे: चुना, किंवा प्रमाणाबाहेर भरलेला गॅस.

गळती काढणं

तेलकट डाग दिसेल तिथे गळती. गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून काळा ओला डाग शोधा. स्प्लिटमध्ये फ्लेअर नट, एकसंधमध्ये सर्व्हिस वॉल्व्हची पिन आणि पातळ नळी जिथे पत्र्याला घासते ती जागा. पिन गळत असेल तर वर पितळी टोपी घट्ट बसवूनही बऱ्याचदा भागतं.

नळीला डाग मारायचा असेल तर क्रम असा: उरलेला गॅस सिलेंडरमध्ये काढून घेणं, नळीतून हलका नायट्रोजन सोडत ब्रेझिंग (नाहीतर आत काळी पापडी धरते आणि व्हॉल्व्हमध्ये अडकते), नवा फिल्टर ड्रायर, मग कोरड्या नायट्रोजनने दाब. किती दाब ते नेमप्लेटवर असतं. साबणाच्या फेसाने सगळे सांधे बघायचे आणि काटा निदान अर्धा-पाऊण तास हलू नये. त्यानंतर व्हॅक्युम पंप. ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्युम मोजायचं एकक) खाली आणून पंप बंद करायचा. दहा-पंधरा मिनिटांत हजारच्या वर चढला तर आत ओल आहे किंवा गळती उरली आहे. यातलं तेल ओल भराभर शोषतं, त्यामुळे सिस्टीम उघडी ठेवून ‘उद्या ड्रायर घेऊन येतो’ हे चालत नाही.

शेवटी गॅस, वजनकाट्यावर. नेमप्लेटवर ग्रॅममध्ये आकडा असतो, तेवढाच. एसीत पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले तर खोली गार होतेच. इथे सगळा भरावच किलोच्या आसपास, आणि पाणी ५५ अंशांवर गेल्यावर चढणारा दाब ती चूक माफ करत नाही. वजनकाटा न आणलेल्या माणसाकडून गॅस भरून घेऊ नका. मायक्रॉन गेज नसेल तर एक वेळ समजून घेऊ.

वीज

व्होल्टेज १८० वर पडतं अशा जागी कॉम्प्रेसर सुरू होताना गुरगुरतो आणि ओव्हरलोडवर जातो. आधी रन कपॅसिटर मोजा. तो बरा असेल तर स्टॅबिलायझर. वाइंडिंगची परीक्षा थंड कॉम्प्रेसरवरच करा. कॉम्प्रेसरच्या तीन टोकांमधला रोध मोजा: कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट जास्त, आणि रन-स्टार्ट म्हणजे या दोघांची बेरीज. तापलेल्या कॉम्प्रेसरचा आतला ओव्हरलोड उघडा असतो, मीटर काहीच दाखवत नाही, आणि ‘कॉम्प्रेसर गेला’ असा निकाल लागतो. दोन तास थांबायला काय जातं? बॉडीशी मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) ५०० व्होल्टचा लावा, पण सिस्टीम व्हॅक्युममध्ये असताना कधीच नाही.

अर्थिंगचा खड्डा मेमध्ये कोरडा पडतो. त्यात बादलीभर पाणी ओता, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. पाण्यात बुडालेली कॉइल आहे ही.

थेंबथेंब गळणारा वॉल्व्ह

टाकीतला दाब वाढला की पाणी सोडणारा रिलीफ वॉल्व्ह गळतो म्हणून तीनदा बदलणारी घरं बरीच आहेत. वॉल्व्हचा दोष क्वचित असतो. २०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की जवळपास पावणेतीन लिटरने फुगतं. गच्चीच्या टाकीवर चालणाऱ्या घरात ते उलट्या दिशेने वर सरकतं, कुणाला कळतही नाही. प्रेशर पंप आणि नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवला की ती वाट बंद. मग फुगलेलं पाणी रिलीफ वॉल्व्हमधून जाणारच. उपाय म्हणजे छोटी एक्स्पान्शन टाकी. वॉल्व्हला बूच मारणं हा उपाय नव्हे, तो बॉम्ब आहे.

दुरुस्ती की नवा?

टाकीच गळाली तर चर्चा संपली, नवा घ्या. कार्ड, सेन्सर, पंखा, कॉइल, व्हॉल्व्ह यासाठी दुरुस्तीच. अडचण कॉम्प्रेसरची. सहा-सात वर्षांच्या यंत्रात कॉम्प्रेसर गेला आणि ॲनोडची कांडी कधीच बदललेली नसेल, तर नवा कॉम्प्रेसर जुन्या टाकीवर बसवणं तोट्याचं. कांडी वेळेवर बदलली असेल तर बसवा, पण त्याच गॅसचा, त्याच क्षमतेचा आणि गरम पाण्याच्या दाबाला चालणारा. एसीचा रोटरी ‘बसतोय की’ म्हणून बसवला तर पहिल्या हिवाळ्यात तापून जातो. जुना जळून गेला असेल तर तेलाची ॲसिड चाचणी, आतून फ्लशिंग आणि बर्नआउट ड्रायर यांशिवाय नवा लावू देऊ नका. जुन्या तेलातलं ॲसिड नव्याचं वाइंडिंग खातं.

नव्यात कुठला गॅस? आर-१३४ए दाबाला नरम, ६० अंशांच्या पाण्याला सोयीचा. आर-४१०ए ६० अंशांना ५४० पीएसआयच्या घरात जातो, त्यामुळे त्याच्या सांध्यांना जास्त ताण. आर-२९० म्हणजे प्रोपेन, काम उत्तम, पण जळणारा: बंद डक्टमध्ये बसवू नका आणि टॉर्च घेऊन येणाऱ्या कुणालाही हात लावू देऊ नका. किगाली करारानुसार (वातावरण तापवणारे असे गॅस कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) भारतात आर-१३४ए, आर-४१०ए जातीच्या गॅसची कपात २०३२ पासून सुरू होते, पहिला टप्पा दहा टक्क्यांचा. म्हणजे आज घेतलेल्या आर-१३४एच्या यंत्राला त्याच्या आयुष्यभर गॅस मिळेल, ती काळजी नको.

बसवताना भरलेली टाकी धरून ३०० किलोचा हिशोब ठेवा. गॅलरीच्या बाहेर काढलेल्या स्लॅबवर नाही, भिंतीलगत, पायांखाली शहाबादी फरशी. पंख्यासमोर मोकळी जागा हवी. बाथरूमच्या अरुंद डक्टमध्ये गार हवा तिथेच घुटमळते आणि यंत्र आपलीच गार हवा पुन्हा ओढत बसतं. ती गार हवा स्वयंपाकघरात सोडायची कल्पना चांगली आहे, चालू असताना साधारण अर्ध्या टनाच्या एसीइतका गारवा मिळतो. फक्त मेमध्ये पाणी तापवायची गरजच कमी, त्यामुळे नेमका हवा तेव्हा तो नसतो. गरम पाण्याच्या नळीला सीपीव्हीसी आणि वर काळं रबरी इन्सुलेशन. टेम्पोत आडवं आणलं असेल तर उभं करून रात्रभर ठेवा, तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरू द्या, मग स्विच.

आणि पहिल्याच दिवशी ती दहा अंशांची चाचणी करा. तारीख, हवेचं तापमान, किती मिनिटं, किती युनिट, हे चार आकडे टाकीच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा. त्याखाली ॲनोड बदलल्याच्या तारखांसाठी जागा सोडा.